धुतलेला वॉटर ब्लॉक पुन्हा पुन्हा का तुंबतो

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीवर येते. ग्राफिक्स कार्डाला वॉटर ब्लॉक, म्हणजे आतून पाणी फिरवून चिप थंड करणारा तांब्याचा ठोकळा, बसवला, पहिलं वर्ष कार्ड कधी ६० अंशांच्या वर गेलं नाही. मग ६५, मग ७०, एके दिवशी ७८. सगळं सोडवलं, ब्लॉक धुतला, चिप आणि ब्लॉक यांच्यामध्ये नवी पेस्ट, आत नवं कूलंट (थंड करणारं पाणी). आकडा परत ६० च्या आत. चार-सहा महिने गेले की पुन्हा तीच चढण. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माणूस वैतागतो आणि गोव्याच्या दमट हवेला दोष देऊन मोकळा होतो.

हवेचा थोडा दोष आहेच, त्यावर पुढे येतो. पण मुळात ब्लॉकमध्ये घाण साठते. ती तयार होते दुसरीकडे. पंप, नळ्या, रेडिएटर आणि ब्लॉक यांतून पाणी फिरतं त्या अख्ख्या चक्रात, म्हणजे लूपमध्ये, सगळ्यांत अरुंद वाट ब्लॉकच्या पोटात असते. तांब्याच्या तळावर कोरलेल्या पात्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कित्येक ब्लॉकमध्ये त्याहूनही कमी. नळीतून, रेडिएटरमधून, कूलंटमधून जे काही सुटेल ते फिरत फिरत येऊन इथेच अडकतं. घाण सोडणारा भाग जागच्या जागी ठेवून ब्लॉक कितीही लखलखीत केला तरी तो तुंबणारच. म्हणून ब्लॉक उघडल्यावर लगेच ब्रश हातात घेऊ नका. आधी ती घाण नीट बघा, बोटाला लावून बघा. कुठून आली ते बऱ्याचदा तिथेच कळतं.

आधी खात्री करा, दोष ब्लॉकचाच आहे का

कार्डाचं तापमान हा एकटा आकडा काहीच सांगत नाही. तीन आकडे लागतात: खोलीचं तापमान, लूपमधल्या पाण्याचं आणि कार्डाचं. पाण्यासाठी जी-१/४ आट्यांचा सेन्सर मिळतो. लूपमधल्या कुठल्याही रिकाम्या तोंडावर तो बसतो आणि त्याची दोन पिनांची वायर चांगल्या मदरबोर्डवर किंवा फॅन कंट्रोलरवर लागते. लूप बांधताना लोक रंगीत दिव्यांवर हजारो रुपये घालतात आणि हा सेन्सर विसरतात. माझ्या मते पंपानंतर लूपमधली सगळ्यांत गरजेची वस्तू हीच.

एसी बंद ठेवा, कार्डावर एकसारखा भार द्या आणि अर्धा तास थांबा. गेम चालणार नाही, त्यात भार वरखाली होतो. रेंडरिंग किंवा स्ट्रेस टेस्ट लावा. लिटरभर पाणी स्थिर व्हायला वेळ घेतं, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतल्या आकड्यांवर काही ठरवू नये. मग तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून आकडे वहीत लिहा.

समजा मे महिन्यात खोली ३३, पाणी ४५, कार्ड ५९ आहे. जानेवारीत खोली २६ असताना त्याच यंत्रावर पाणी ३८ आणि कार्ड ५२ दिसेल. दोन्ही वेळा पाणी खोलीपेक्षा १२ अंशांनी आणि कार्ड पाण्यापेक्षा १४ अंशांनी गरम आहे, म्हणजे लूप ठणठणीत आहे. म्हापशात लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारा माझा एक मित्र दर एप्रिलमध्ये लूप उघडून बसायचा. कार्डाला काही झालेलं नव्हतं, उन्हाळा आला होता. दर खेपेच्या सोडवासोडवीत ओ-रिंग (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) आणि ॲक्रिलिकचे आटे मात्र झिजत होते.

तेव्हा आकडे सोडून फरक वाचायचे. पाणी आणि खोली यांतला फरक वाढला असेल तर उष्णता हवेत जात नाहीये, म्हणजे रेडिएटर किंवा पंखे बघायचे. कार्ड आणि पाणी यांतला फरक वाढला असेल तर उष्णता पाण्यापर्यंतच पोचत नाहीये, म्हणजे पेस्ट किंवा ब्लॉक. या दोघांतला गुन्हेगार कोण, ते ओळखायला दोन खुणा आहेत. पहिली हॉटस्पॉट. चिपवरचा सगळ्यांत गरम ठिपका सरासरीपेक्षा १० ते १५ अंशांनी वर असणं नेहमीचं. तो २५ च्या पलीकडे गेला तर पेस्ट चिपवरून बाहेर सरकली आहे किंवा ब्लॉक एका बाजूने नीट दाबला गेलेला नाही. (काही नव्या कार्डांवर हा आकडा दाखवतच नाहीत, तिथे ही खूण गेली.) दुसरी खूण पंपाची. भार चालू असतानाच पंप मध्यम वेगावरून पूर्ण वेगावर न्या. दोन-तीन मिनिटांत कार्ड चार-पाच अंशांनी उतरलं तर वाट तुंबली आहे. मोकळ्या लूपमध्ये पंपाचा वेग वाढवून एवढं काही हाती लागत नाही.

याचं कारण साध्या हिशोबात आहे. ४०० वॉट उष्णता तासाला १८० लिटरच्या प्रवाहात सोडली तर ब्लॉकमधून जाताना पाणी जेमतेम दोन अंशांनी तापतं. प्रवाह ६० लिटरवर आला तर पावणेसहा अंशांनी. २० लिटरवर आला तर १७ अंशांनी. म्हणजे प्रवाह निम्म्यावर आला तरी तुम्हाला पत्ता लागत नाही, आणि एका टप्प्यानंतर मात्र आकडा उसळी मारतो. 'काल-परवापर्यंत बरं चाललं होतं' असं लोक सांगतात ते खरंच असतं. घाण मात्र महिनोन्‌महिने साठत आलेली असते.

रेडिएटर: इथे गोव्याची हवा खरोखर आड येते

पाणी-खोली फरक वाढला असेल तर लूपचं पाणी काढायचीही गरज नाही. रेडिएटरची बाहेरची बाजू बघा. मिरामार, कळंगुट, कोलवा या किनाऱ्याच्या पट्ट्यात हवेत मिठाचे कण असतात. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस त्याच्या वरच असते. त्यामुळे पात्यांत बसलेली धूळ कोरडी राहत नाही. तिचा ओलसर लगदा होतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो वाळून घट्ट बसतो. ब्लोअरने वरचा थर उडतो, आतला तसाच राहतो. डिचोली-साखळीकडे मीठ कमी, पण तांबडी धूळ भरपूर. घरात कुत्रा-मांजर असेल तर केसांची जाळी वेगळीच.

पंखे काढून दोन्ही बाजूंनी बघा. घाण नेहमी पंखा आणि पाती यांच्या मधल्या सांदीत जास्त असते, जी बाहेरून दिसतच नाही. मऊ रंगाचा ब्रश पात्यांच्या दिशेने फिरवा. पाती आडव्या जोराने लगेच वाकतात. हवा मारायची ती आतून बाहेर, म्हणजे धूळ ज्या बाजूने शिरली त्याच बाजूने निघेल. पंखा जागेवर ठेवूनच ब्लोअर मारणार असाल तर पातं बोटाने धरून ठेवा. नाहीतर तो नको त्या वेगाने फिरतो, बेअरिंगला मार बसतो, आणि फिरणारी मोटर उलट मदरबोर्डवरच्या तिच्या जोडणीकडे (हेडरकडे) वीज ढकलते.

रेडिएटर सुटा निघत असेल तर सगळ्यांत चांगलं. दोन्ही तोंडांना बुचं लावून बाहेरून भांडी धुण्याच्या द्रवाच्या पाण्याने भिजवा, पाचेक मिनिटं ठेवा, नळाच्या मध्यम धारेखाली धुवा. मीठ गोड्या पाण्याने निघतं, हवेने निघत नाही. पावसात ऊन नसेल तर रात्रभर पंख्याखाली ठेवा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पंख्यांचे साधे लोखंडी स्क्रू काढून स्टेनलेसचे लावून टाकावेत. गंजलेला स्क्रू रेडिएटरच्या आट्यात तुटला की तो काढताना पाण्याची नळी भोसकली जाण्याची भीती असते.

तोच मिठाचा ओलसर थर कार्डाच्या पाठीवरही बसतो. तो वीज वाहून नेऊ शकतो, म्हणून कार्ड बाहेर काढलंच आहे तर सर्किट बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसून घ्या. मात्र हे ब्लॉक उतरवल्यावर करायचं. कारण पुढे येतं आहे.

घाण ओळखणं

लूप रिकामा करताना जुनं कूलंट मोरीत ओतून देऊ नका. एका भांड्यात घ्या आणि पांढऱ्या सुती कापडातून गाळा. कापडावर काय राहिलं आणि ब्लॉकच्या पात्यांत काय सापडलं, हे दोन्ही शेजारी ठेवून बघा.

सगळ्यांत जास्त सापडतो तो पांढरट, चिकट, दुधावरच्या सायीसारखा थर. बोटाला ओशट लागतो, नखाने सरकतो. व्हिनेगरचा थेंब टाकला तर काही होत नाही. अल्कोहोलचा किंवा भांड्यांच्या द्रवाचा टाकला तर सुटायला लागतो. हा आला नळीतून. मऊ पारदर्शक पीव्हीसी नळी मऊ राहावी म्हणून तिच्यात प्लॅस्टिसायझर घातलेला असतो. गरम पाण्यात तो हळूहळू पाझरतो आणि ब्लॉकच्या बारीक फटींत येऊन बसतो. नळी दुधी, धुरकट झालेली दिसेल. पाणी जितकं गरम तितकं पाझरणं जास्त, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात लूपचं पाणी ४५ अंशांवर असणं ही रोजची गोष्ट आहे.

यातला आमच्याकडचा खास प्रकार म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला लेव्हल पाइप. गवंडी पातळी बघायला वापरतात तो. मापात बसतो, स्वस्त आहे, ऑनलाइन मागवलेली नळी यायला आठवडा लागतो, म्हणून 'तात्पुरता' बसवला जातो आणि मग तिथेच राहतो. असल्या लूपमध्ये ब्लॉक कितीही वेळा धुवा, काही उपयोग नाही. नळी बदला. ईपीडीएम रबराची काळी नळी घ्या. दिसायला अगदीच साधी, आतलं पाणी दिसत नाही, पण ही कटकट कायमची मिटते. पाणी दिसायलाच हवं असेल तर कडक ॲक्रिलिक नळ्या. पीईटीजीच्या नळ्या वाकवायला सोप्या, मात्र उष्णतेला हळव्या. त्या असतील तर पाणी ६० अंशांच्या जवळपासही जाऊ देऊ नका. बऱ्याच पंपांची मर्यादाही तीच असते.

दुसरा प्रकार पांढरट-करडा, पण ओशट नाही. भुकटी किंवा बुळबुळीत गोळे. इथे रेडिएटरवर संशय घ्या. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याचा चोथा ब्लॉकमध्ये येतो. विकणाऱ्याच्या पानावर धातूचं नावच नसेल तर रेडिएटर बहुतेक ॲल्युमिनियमचाच असतो. ओळखायला चुंबक कामाचं नाही, कारण तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांपैकी कशालाच ते चिकटत नाही. तोंडाच्या आट्याची कड किंचित खरवडून बघा: आत पिवळं निघालं तर पितळ, पांढरं चकचकीत निघालं तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम निघाला तर त्याला कुठलंही महागडं कूलंट वाचवत नाही, फक्त थोडं लांबवतं. रेडिएटर बदलायचा, आणि फिटिंग्जमध्ये एखादं ॲल्युमिनियमचं लपलेलं नाही ना तेही बघायचं.

शेवाळ ओळखायला कोणाला शिकवावं लागत नाही. हिरवट तंतू, रिझर्व्हॉयरच्या (पाण्याच्या टाकीच्या) भिंतीला बुळबुळीतपणा, उघडल्यावर डबक्याचा वास. कारणं दोनच असतात: रिझर्व्हॉयर खिडकीच्या उजेडात आहे, किंवा पातळी उतरली की वरून नुसतं पाणी घालत गेल्यामुळे बायोसाइड (शेवाळ रोखणारं रसायन) पातळ झालं आहे. काही जण जुन्या सल्ल्याप्रमाणे पाण्यात चांदीच्या तारेचं वेटोळं सोडतात. ब्लॉकवर निकेलचा मुलामा असेल तर ते करू नका, मुलाम्याला धोका पोचतो.

रंगीत गाळ निघाला तर तुमचं कूलंट अपारदर्शक, रंगद्रव्याचे कण तरंगत ठेवलेलं असणार. दिसतं सुरेख, फोटोत तर फारच. पण ते कण फिरत राहिले तरच तरंगतात. गोव्यात बोटीवर नोकरी करणारी मुलं घराघरांत आहेत. माझा भाचाही त्यांतलाच. मुलगा सहा-सात महिने समुद्रावर आणि त्याचा संगणक इथे चादरीखाली बंद. परत येऊन बटण दाबलं की खाली बसलेला सगळा गाळ एकदम उठतो आणि ब्लॉकमध्ये जातो. बोटीवर जाणाऱ्याने एकतर स्वच्छ पारदर्शक कूलंट वापरावं आणि घरच्यांना आठवड्यातून एकदा अर्धा तास यंत्र चालू करायला सांगावं, नाहीतर जाण्याआधी लूप पूर्ण रिकामा करून सुकवून ठेवावा. माझा कल दुसऱ्या उपायाकडे. घरचे विसरतात.

काळपट-तपकिरी कपच्या निघाल्या तर तो रेडिएटरच्या कारखान्यातल्या डाख देण्याच्या कामाचा फ्लक्स. नवा रेडिएटर न धुता बसवल्याची खूण. निळसर-हिरवा थर म्हणजे तांब्याचा गंज, पाण्यातला गंजरोधक संपलेला आहे. आणि कापडावर चांदीसारखे चमकते पापुद्रे आले, तर ब्लॉकचा निकेल मुलामाच सुटतो आहे. तो धुऊन परत येत नाही. पापुद्रे सुटत राहतात तोवर तुंबणंही चालू राहतं, म्हणून असा ब्लॉक बदलायचाच.

ब्लॉक उघडणं

कार्ड काढण्याआधी दहा मिनिटं चालवून कोमट करा, पेस्ट आणि पॅड मऊ पडतात. लूप रिकामा करताना सगळ्यांत खालचं तोंड उघडाच, पण वरचं भरायचं तोंडही उघडं ठेवा, हवा आत गेल्याशिवाय पाणी खाली येणार नाही. ब्लॉकचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे सैल करा. उचलताना ओढू नका, अगदी किंचित पिळ देऊन सोडवा. खाली उघडी सिलिकॉनची चिप आहे, तिचे कोपरे सहज टवके उडणारे असतात.

मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले तर त्याच जाडीचे आणा. एक, दीड, दोन मिलिमीटर अशा जाड्या असतात आणि एकाच कार्डावर दोन वेगवेगळ्या असू शकतात. अर्धा मिलिमीटर जाड पॅड बसला की ब्लॉक चिपवरून उचलला जातो, आणि मग सगळी सफाई करूनही हॉटस्पॉट पहिल्यापेक्षा वाईट. 'धुतल्यावर उलट जास्तच तापायला लागलं' ही तक्रार निम्म्या वेळा इथली असते.

आता ब्लॉकचं झाकण. सोडवण्याआधी फोटो काढा आणि आतली जेट प्लेट, म्हणजे मधोमध फट असलेली पातळ पट्टी, कुठल्या दिशेने बसली आहे ते बघून ठेवा. पाणी या फटीतून पात्यांच्या मध्यावर पडतं आणि दोन्ही बाजूंना वाहत जातं. म्हणून घाणीची रेघही नेमकी मधोमध, फटीच्या खाली दिसते. कडेची पाती स्वच्छ आणि मधली दोन बोटांची पट्टी पूर्ण भरलेली, असं दृश्य बहुतेक ब्लॉकमध्ये दिसतं. पट्टी उलटी बसवली तर पाणी भलतीकडे जातं आणि पाच-सात अंश फुकट जातात.

धुवायला कोमट पाणी, भांड्यांच्या द्रवाचे दोन थेंब आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश. ब्रश पात्यांच्या लांबीच्या दिशेनेच, आडवा कधीही नाही. सुई, टाचणी, ब्लेड लांब ठेवा. तांब्याची पाती इतकी पातळ असतात की एक वाकली तर दोन फटी बंद होतात. ओशट थर असेल तर साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि मग ब्रश. झालं की मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. प्रत्येक फटीचा तळ चमकला पाहिजे. एखादी काळी रेघ राहिली असेल तर पुन्हा.

इथे हात आवरायचे. तांबं दिसलं की आपल्या घरातली पहिली सूचना येते, चिंच लाव, सोलं लाव, देवाची भांडी घासायची पावडर लाव. निकेलच्या मुलाम्यावर यांतलं काहीच नको. आंबटाने तो खाल्ला जातो आणि पावडरीने खरवडला जातो. उघड्या तांब्याच्या ब्लॉकवर लिंबाचा हात चालेल, पण काळपट पडलेलं तांबंही उष्णता तितकीच वाहतं, त्यामुळे तो खटाटोप फोटोपुरता. आणि झाकण ॲक्रिलिकचं असेल तर त्याला अल्कोहोल लावू नका. लगेच काही दिसत नाही. नंतर स्क्रूंच्या भोकांभोवती केसाएवढ्या चिरा पडतात आणि एके दिवशी तिथून पाणी झिरपतं. ॲक्रिलिकला साबण-पाणी, चिपला आणि बोर्डाला अल्कोहोल, एवढं पाळलं की पुरे.

ओ-रिंग चपटी झाली असेल तर नवी घ्या. खाचेत एकही केस किंवा धागा नको. सिलिकॉन ग्रीस अगदी पुसटसं. झाकणाचे स्क्रू हाताच्या स्क्रूड्रायव्हरने, तिरप्या जोड्यांनी आवळायचे. ड्रिल मशीन लावून ॲक्रिलिक फोडलेले पाहिले आहेत.

पेस्टबद्दल एकच. उघड्या चिपवर पातळ पेस्ट गरम-थंड होण्याच्या चक्रात बाहेर ढकलली जाते. पेस्टमुळेच तापमान पुन्हा पुन्हा चढत असेल तर घट्ट पेस्ट किंवा पीटीएम ७९५० सारखी फेज-चेंज शीट लावा. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन बसते आणि मग सहसा जागची हलत नाही.

कोणतं पाणी भरायचं

नळाचं नाही, मग ते ओपाचं असो, अस्नोड्याचं असो की साळावलीचं. पिण्याला उत्तम, लूपला नाही, त्यात क्षार आणि क्लोरीन असतं. आरओचंही नाही, थोडे क्षार त्यात उरतातच आणि कित्येक यंत्रं चवीसाठी ते परत मिसळतात. पावसाळ्यात हमखास विचारला जाणारा प्रश्न: एसीच्या नळीतून बादलीभर पाणी येतं, ते डिस्टिल्डच झालं ना? वाफेचं पाणी झालेलं आहे हे खरं, पण ते एसीच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवरून, धुळीतून आणि बुरशीतून ओघळून आलेलं असतं. बॅटरीसाठी मिळणारं डिमिनरलाइज्ड पाणी चालतं, लेबल वाचून घ्या. पातळ गंधकाम्लाचा कॅनही त्याच दुकानात त्याच फळीवर असू शकतो.

नुसतं पाणी भरू नका. गंजरोधक आणि बायोसाइड असलेलं तयार पारदर्शक कूलंट किंवा त्याचं कॉन्सन्ट्रेट घ्या, आणि वरून टाकायला तेच थोडं राखून ठेवा. गॅरेजमधलं हिरवं कूलंट घालणारे भेटतात. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं. घरात कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर ते जमिनीवर सांडण्याचा धोका पत्करू नये.

भरण्याआधी रेडिएटर आतून धुवायला विसरू नका. अर्धा भरायचा, हलवायचा, पांढऱ्या भांड्यात ओतायचा, कण दिसेनासे होईपर्यंत. फ्लक्स किंवा क्षार निघाले असतील तरच व्हिनेगर: पांढरं, चांगलं पातळ केलेलं, थोडाच वेळ. घरात ठेवलेलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर सोरपोतेलासाठी राहू द्या, त्यात गाळ असतो. नंतर चिमूटभर खायच्या सोड्याचं पाणी, मग भरपूर साधं पाणी, शेवटी डिस्टिल्ड.

पुन्हा जोडताना

पहिली चाचणी फक्त पंप चालवून, बाकी सगळ्याची वीज काढून. पॉवर सप्लायच्या चोवीस पिनांच्या कनेक्टरवर हिरवी आणि काळी वायर जोडली की तो सुरू होतो; हल्ली सगळ्या वायरी काळ्याच येतात, तेव्हा अंदाज न करता तयार जंपर लावा. पंप कोरडा चालवायचा नाही, पाणीच त्याचं वंगण असतं. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि निदान रात्रभर चालू द्या. हवेच्या दाबाने तपासणारा पंप असेल तर अर्ध्या बारच्या आसपास दाब भरून काटा स्थिर राहतो का ते बघा, जास्त नको.

पावसाळ्यात एक खोटी गळती दिसते. लूपचं पाणी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, त्यामुळे चालू यंत्रावर दव धरत नाही. पण रात्रभर २२ अंशांवर एसी लावलेल्या खोलीत यंत्र बंद पडून होतं, सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली, आणि बाहेरची हवा अशी की २४-२५ अंशांनाच तिचं दव पडतं. मग ब्लॉकवर, फिटिंगवर, बोर्डावर बारीक थेंब. लोक घाबरून लूप उघडतात. टिश्यूने पुसून बघा: थेंब फक्त जोडांवर असतील तर गळती, पॉवर सप्लायच्या पत्र्यावरही असतील तर दव. अशा वेळी तासभर यंत्र सुरू करू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आणि लूप उघडण्याचं मोठं काम जमलं तर पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास काढा. सगळं वाळायला निम्मा वेळ लागतो.

जोडून झाल्यावर तीच अर्ध्या तासाची चाचणी, तेच तीन आकडे, वहीत तारखेसह. महिन्याने पुन्हा. कार्ड-पाणी फरक तेवढाच राहिला तर घाणीचा उगम सापडला. दोन-तीन अंशांनी सरकला असेल तर अजून काहीतरी पाझरतं आहे. नळी बदलली असेल तर रेडिएटरकडे बघा, रेडिएटर बदलला असेल तर कूलंटकडे.

कारखान्यातून सीलबंद येणाऱ्या पाण्याच्या कार्डांना यातलं बरंचसं लागू नाही. त्यांना भरायचं तोंड नसतं, वर्षानुवर्षं नळीच्या भिंतीतून पाणी हळूहळू उडून जातं आणि एक दिवस पंपात हवा येऊन गुळगुळ आवाज सुरू होतो. रेडिएटर पंपापेक्षा उंच बसवलेला नसेल तर तो तसा बसवा, हवा वर जाऊन थांबेल आणि काही काळ निभेल. बाहेरची पाती वर सांगितल्याप्रमाणे साफ करता येतात. वॉरंटी चालू असेल तर सील न तोडता कार्ड परत पाठवा. ती संपली असेल तर त्याच मॉडेलचा साधा हवेचा कूलर जुन्या बाजारात मिळतो का बघा. नव्या ब्लॉकपेक्षा तो बऱ्याचदा स्वस्त पडतो.